वेळेवर पोचणारा माणूस

१

वेस टुओमीनं ज्या हॉस्पिटलात प्राण सोडला, तिथल्या खोल्या गरम ठेवणारी वाफ त्याच्याच कंपनीकडून येत होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी कॅथेड्रल स्ट्रीटखालच्या चेंबरमध्ये साचलेलं पाणी उपसायला तो उतरला. तो खाली असतानाच वाफेच्या मुख्य नळाचा जोड फुटला. वर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. "घरी लगेच कळवू नका, बायको आत्ता गाडी चालवत असेल," असं काहीतरी म्हणाला. तीन दिवसांनी गेला.

पोर्ट ॲन्सेल हे अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी टेकडीच्या उताराला चिकटून वसलेलं शहर. तिथली जुनी हॉटेलं, शाळा, कोर्ट आणि हॉस्पिटल रस्त्यांखालून फिरणाऱ्या वाफेवर हिवाळा काढतात. ही वाफ एकच कंपनी पुरवते. या कंपनीनं ख्रिसमसच्या आतच दोषी माणूस शोधून काढला होता: पूर्व विभागाची सुपरवायझर मारित लाह्ती. चेंबर तिच्या विभागातलं, वेस तिच्या हाताखालचा, आणि त्याला खाली उतरायला सांगणारीही तीच. तिला कामावरून काढलं. आता विमा कंपनीनं मान डोलावली की प्रकरण मिटणार होतं.

त्यासाठी जानेवारीत व्हर्ना कोवाच आली. साठी उलटलेली, बुटकी, जाड तळव्यांच्या बुटांतली बाई. लोखंडाच्या खाणींत सुरक्षा तपासनीस म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता ती विमा कंपन्यांची कामं घ्यायची. आवाज कधी चढवायची नाही, आणि समोरच्याचं उत्तर संपल्यावरही क्षणभर गप्प बसायची. त्या क्षणात लोक हमखास आणखी काहीतरी बोलून जात.

कंपनीचा ऑपरेशन्स मॅनेजर रोलंड व्हिटकॉम्ब तिला कॉफी देत म्हणाला, "तुम्हाला एवढ्या बर्फातून उगाच यायला लावलं. सरळ प्रकरण आहे. मारितला दर वर्षीच्या मूल्यमापनात पाचापैकी दोन मिळत आलेत. सुधारली नाही. कधीतरी हे होणारच होतं."

"पहिल्या वर्षी दोन कशासाठी दिले होते?"

"ते... आता आठवत नाही. पण पुढच्या प्रत्येक वर्षी तेच दिसलं ना. सारखी वाफ बंद करायची. मे महिना म्हणू नका, ऑगस्ट म्हणू नका. गिऱ्हाइकांचे फोन मला यायचे."

"तिच्या विभागात याआधी काही फुटलं होतं?"

"नाही. पण ते नशीब."

व्हर्ना गप्प बसली. व्हिटकॉम्बनं ती जागा भरून काढली.

"खरं सांगू, त्या दिवशी गॅरेट नसता तर हॉस्पिटल गारठलं असतं. गॅरेट नॉर्डबी, आमचा पश्चिमेचा सुपरवायझर. त्याचा विभागही नव्हे, तरी धावत आला. अंधार पडायच्या आत नवा जोड बसवून वाफ सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कोर्टाजवळ फुटलं, तेव्हाही तोच. त्याआधी लायब्ररीपाशी, वर्षातला पहिला बर्फ पडत होता, पठ्ठ्या छातीएवढ्या खड्ड्यात उभा! त्याला दर वर्षी पाच. सहा असते तर सहा दिले असते."

"म्हणजे एकाला पाच, एकीला दोन. आणि माणूस दोनवालीच्या चेंबरमध्ये मेला."

"बरोब्बर," व्हिटकॉम्ब म्हणाला. मग पुढं झुकला. "आणि तुम्हाला एक सांगतो. मला काही सिद्ध करायचंच नाहीये. मारितनं स्वतः कबूल केलंय."

२

"हो, केलं कबूल," मारित लाह्ती म्हणाली. "मी म्हटलं, वेस, पाणी काढ. तो उतरला. आणखी काय कबूल करायचं असतं?"

टेकडीवरच्या तिच्या छोट्याशा घरात वेलदोड्याच्या पावाचा वास भरला होता. कामावरून काढल्यापासून ती रोज पाव भाजत होती आणि शेजाऱ्यांना वाटत होती. व्हर्नानं एक तुकडा मोडून खाल्ला.

"चालू नळाशेजारी माणूस उतरवलास. वाफ बंद करून का नाही उतरवलास?"

"परवानगी मिळाली नाही."

"मागितली होतीस?"

"दोनदा. तो विभाग माझा नव्हताच हो. मी कित्येक वर्षं पश्चिमेला होते. ऑक्टोबरात रोलंडनं आमची अदलाबदल केली. पश्चिमेला नवं मोठं गिऱ्हाईक आलं, तिकडे त्याला त्याचा हुकमी माणूस हवा होता. गॅरेट तिकडे गेला, मी इकडे आले. नवा विभाग हातात आला की मी एकेका चेंबरची वाफ बंद करून आत जाऊन बघते. ही माझी पद्धत आहे. रोलंड म्हणाला, ख्रिसमसची गिऱ्हाइकं आहेत, हॉटेलं भरलीत, जानेवारीनंतर बघू."

"एवढंच म्हणाला?"

मारित खिडकीबाहेर बघत राहिली. "म्हणाला, मारित, तुझं नेहमीचंच आहे. आणि हसला. सगळेच हसले."

"व्हिटकॉम्बनं मला हे सांगितलं नाही."

"लपवलं नसेल. त्याच्या लक्षातच नसेल. मी काही मागितलं की त्याच्या कानापर्यंत कुरकुरच पोचते."

"गॅरेटनं विभाग सोपवताना काय सांगितलं?"

"हसतमुख आहे तो. म्हणाला, पूर्व भाग म्हणजे गाय आहे गाय, काही त्रास देणार नाही."

व्हर्नानं कोट चढवला. दारापाशी मारितनं तिला थांबवलं.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी सकाळी वाफेचा दाब वाढवला होता. मला नंतर कळलं. बॉयलरवर लिऑन असतो. तुम्ही त्याला विचारलंत का?"

३

"वाढवला की!" लिऑन देजार्ले म्हणाला. "तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगतो. बाकी कोणी विचारलंच नाही."

बॉयलरघरात कानठळ्या बसत होत्या, म्हणून तो तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. दणकट, पिकल्या दाढीचा माणूस. थंडीत उघड्या डोक्यानं उभा राहिला.

"म्हणजे तुम्हीच वेसला मारलंत?"

"आदल्या रात्री सरोवरावरून वारं सुटलं होतं. दर थंडीला असा दाब वाढवतो. नळांना झेपेल एवढाच. धडधाकट भात्याला त्याचं काही वाटलं नसतं." व्हर्नाच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "भाता कळतो ना? नळ तापला की लांबतो. त्याला हलायला जागा हवी म्हणून मध्ये घड्याघड्यांचा पोलादी जोड बसवतात. लोहाराच्या भात्यासारखा. या, दाखवतो."

भिंतीलगत बर्फात फुटलेला भाता पडला होता. लिऑननं बुटानं बर्फ बाजूला केला. एका घडीला हातभर चीर होती. चिरेची एक बाजू लख्ख होती, आणि दुसरी बाजू अर्ध्यापर्यंत काळपट तांबूस.

व्हर्ना वाकली. "हा गंज एका दिवसाचा नाही."

"कसला एका दिवसाचा! उन्हाळ्यापासून पाझरत असणार. चेंबरमध्ये ते पाणी साचत होतं ना, ते यातूनच."

"उन्हाळ्यात कोणी उतरलं असतं तर दिसलं असतं?"

"आंधळ्याला दिसलं असतं. फुसफुस ऐकू आली असती." लिऑननं दाढीवरचा बर्फ झटकला. "भाते काही थंडी बघून फुटत नाहीत, बाई. वर्षभर कधीही थकतात. मारितला एप्रिलात सापडायचे, जुलैत सापडायचे. ती वाफ बंद करायची, नवा बसवायची, संपलं. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"दुकानातून आणून लगेच बसवता येतो?"

लिऑन हसला. "हे नळ आमच्या आज्याच्या वेळचे. आता त्या मापाचं कोणी काही बनवत नाही. प्रत्येक चेंबरचं माप वेगळं. उतरून माप घ्यायचं, ओहायोत एक कारखाना आहे तिथं कळवायचं. ते बनवून पाठवतात. सहा आठवडे, कधी आठ."

"आणि एका चेंबरचा दुसऱ्यात?"

"नाही बसत. पायातला बूट डोक्यात घालाल का?"

वाऱ्यानं बर्फाची भुकटी दोघांच्या तोंडावर उडवली. व्हर्ना काहीच बोलली नाही. लिऑननं खांदे उडवले.

"नशीब गॅरेटचं बलवत्तर. त्याच्या गाडीत नेमका हवा तो भाता असतो. दर वेळी. आम्ही म्हणतो, हा माणूस जन्मतानाच टॉवेल घेऊन आला असेल."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग व्हर्ना हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. हळूहळू त्याचंही हसू मावळलं.

"लिऑन," ती म्हणाली, "तुमच्याकडे त्या चेंबरची किल्ली आहे का?"

४

चेंबरमधून परत आल्यावर व्हर्नानं बूटसुद्धा बदलले नाहीत. ती तशीच व्हिटकॉम्बच्या खोलीत गेली आणि त्याच्यासमोर बसली.

"तुम्हाला दोन प्रसंग सांगते. नावं सांगणार नाही. कोण असेल ते तुम्ही सांगायचं."

"हा काय खेळ आहे?"

"पाच मिनिटांचा. एका सुपरवायझरनं जून महिन्यात, लग्नाच्या दिवशी, हॉटेलची वाफ बंद केली. स्वयंपाकघर बंद, गरम पाणी बंद. हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी कळवलं."

"मारित," व्हिटकॉम्ब लगेच म्हणाला. "हेच तर सांगतोय मी. दुसऱ्याचा विचारच नाही."

"गॅरेट. तीन वर्षांपूर्वी. हॉटेलवाला अजून चिडलेला आहे, काल त्यानंच सांगितलं."

व्हिटकॉम्बनं टाय सारखा केला. "हां, ते होय. मग तसंच काही गंभीर कारण असणार. गॅरेट उगाच बंद करणार नाही."

"दुसरा. शाळेजवळ नळ गळत होता. मुलं सुटायची वेळ. एका सुपरवायझरनं माणसांची वाट न बघता, नियम मोडून, एकट्यानं खाली उतरून व्हॉल्व्ह बंद केला."

या वेळी तो सावध होता. थोडा विचार केला. पण उत्तर तेच आलं. "हा गॅरेट असणार. एकटा उतरायची त्याची सवयच आहे. हाताखालच्या पोरांचा जीव कशाला धोक्यात घालू, म्हणतो."

"ही मारित होती. त्याबद्दल तुम्ही तिला समज दिली होती. बेशिस्त म्हणून."

"मिसेस कोवाच," व्हिटकॉम्ब म्हणाला, "मी कोणावर अन्याय करणारा माणूस नाही. मला आकस नाही. पक्षपात करायला मला गॅरेट काही देत नाही."

"तेच तर. आकस असता तर मला सोपं गेलं असतं. मूल्यमापन तुम्ही कधी करता?"

"जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात."

"तेव्हा काय आठवतं?"

"वर्षभराचं सगळं."

"गेल्या एप्रिलातलं काही सांगा बरं."

त्याला एप्रिलातलं काही आठवत नव्हतं.

"मला कोर्टाचं सांगितलंत, लायब्ररीचं सांगितलंत. एक नोव्हेंबरातलं, एक पहिल्या बर्फातलं. गॅरेटनं उन्हाळ्यात काही वाचवल्याचं ऐकलंय तुम्ही?"

"उन्हाळ्यात..." व्हिटकॉम्ब थांबला. "नसेल फुटलं."

"भाते वर्षभर थकतात. मारितला ते वर्षभर सापडतात. गॅरेटच्या विभागातले मात्र तुमच्या मूल्यमापनाच्या तोंडावर फुटतात. आणि फुटतात तेव्हा नेमक्या त्या मापाचा भाता त्याच्या गाडीत असतो."

"कारण तो तयारीचा माणूस आहे!"

"तयारी कशाची, मिस्टर व्हिटकॉम्ब? भाता बनवायला दोन महिने लागतात आणि तो एकाच चेंबरमध्ये बसतो. पश्चिमेचा सुपरवायझर पूर्वेच्या एका चेंबरचा भाता गाडीत घालून कशाला हिंडत होता?"

व्हिटकॉम्बचा चेहरा एखाद्या ओळखीच्या रस्त्यावर अचानक वाट चुकल्यासारखा झाला. फोनकडे हात नेत तो म्हणाला, "मी त्याला बोलावतो. त्याच्याकडे उत्तर असेल."

"असेल," व्हर्ना म्हणाली. "पण ते मीच जाऊन ऐकते."

५

गॅरेट नॉर्डबी बंदराजवळच्या एका खाणावळीत दुपारचं जेवत होता. उंच, देखणा, पन्नाशीचा. वाढणारी बाई त्याच्या टेबलापाशी जरा जास्तच वेळ रेंगाळत होती. व्हर्नाला बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मांस-बटाटा भरलेली पेस्टी घ्या. खाणीकडच्या बायकांना आमच्याकडची आवडत नाही म्हणा, पण घ्या."

तिनं मागवली. अर्धी खाऊनही झाली. मग म्हणाली, "मी आज कॅथेड्रल स्ट्रीटच्या चेंबरमध्ये उतरले होते. लिऑनबरोबर. वाफ बंद करून."

"रोलंडनं परवानगी दिली? मारितला दिली नव्हती." तो हसला.

"तुम्ही बसवलेला भाता बघितला. काम छान आहे. कडेला कारखान्याचा शिक्का आहे आणि बनवल्याचा महिना आहे. ऑगस्ट."

गॅरेटचा काटा ताटाकडे जाता जाता थांबला.

"ऑगस्टात बनला, म्हणजे माप जूनच्या सुमाराला गेलं. माप घ्यायला खाली उतरावं लागतं. जूनमध्ये तो विभाग तुमचा होता, किल्ली तुमच्याकडे होती आणि तुम्ही एकटेच उतरता. सगळे त्याला धाडस म्हणतात. मला वाटतं, तुमच्याशिवाय कोणी ती फुसफुस ऐकू नये म्हणून."

"सुटे भाग आधीच आणून ठेवणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. आणून ठेवला, पण बसवला का नाही?"

वाढणारी बाई कॉफी घेऊन आली, त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"मी आजवर एकही गोष्ट मोडलेली नाही," शेवटी तो म्हणाला. "हे लिहून घ्या. एकही नाही."

"माहीत आहे. तुम्ही फक्त वाट बघायचात."

"नवा होतो ना, तेव्हा मीही मारितसारखाच होतो." त्याचा आवाज आता गिऱ्हाइकांशी बोलायचा नव्हता. "मे महिन्यात फुसफुस ऐकू आली की मे महिन्यात दुरुस्त. जानेवारीत रोलंड म्हणायचा, गॅरेट, तुझ्याकडे या वर्षी विशेष काही झालं नाही, नाही का? पाचापैकी तीन. मग एका डिसेंबरात एक भाता खरंच अचानक फुटला. मी दिवसभर खड्ड्यात होतो. बाहेर आलो तर रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत होते. रोलंडनं मला मिठी मारली. त्या वर्षी पाच." तो ताटाकडे बघत राहिला. "मला कोणी शिकवलं नाही. शिकवल्यासारखंच झालं मात्र."

"आणि ऑक्टोबरात अदलाबदल झाली."

"झाली. मारितला सांगितलं असतं की कॅथेड्रलचा भाता गेलाय, तर पहिला प्रश्न काय आला असता? तुला कधीपासून माहीत आहे? मग लायब्ररी. मग कोर्ट."

"म्हणून सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तिच्या हातात असताना फुटायला येईल. मी धावत जाईन, बसवून देईन. तिलाही मदत." शेवटचे शब्द बोलताना त्याला स्वतःलाच ते ऐकवेनात. "भाता फुटायच्या आधी शिट्टी वाजवतो, बाई. तास-दोन तास आधी, बारीकशी. नेहमी वाजवतो. माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो."

"या वेळी नाही वाजवली."

"नाही."

"वेस तुमच्याच हाताखाली होता ना आधी?"

"नऊ वर्षं," गॅरेट म्हणाला. "त्याच्या लग्नात मी गाणं म्हटलं होतं."

त्यानं हातरुमालानं तोंड पुसलं आणि रुमाल काळजीपूर्वक घडी घालून ताटाशेजारी ठेवला. पळून जायचा वगैरे त्याचा विचार दिसला नाही. त्यानं विचारलं, "आधी कोणाला सांगू? रोलंडला की पोलिसांना?"

"वेसच्या बायकोला," व्हर्ना म्हणाली. "बाकीचे थांबतील."

६

गॅरेट खरंच वेसच्या घरी गेला. दारातच उभं राहून त्यानं कार्लीन टुओमीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. पुढचं वकिलांनी, पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी केलं.

संचालकांच्या बैठकीत व्हर्नानं आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. गॅरेट दोषी आहे, तो भाता सहा महिने फुसफुसत होता हे त्याला ठाऊक होतं. पण संशय यायला पुरेल एवढी माहिती या खोलीत आधीपासूनच होती. भाता बनवायला किती दिवस लागतात ते सगळ्यांना माहीत होतं. तो गॅरेटच्या गाडीत होता हेही माहीत होतं. एकानंही या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत, कारण गॅरेट कसा आहे आणि मारित कशी आहे हे आधीच ठरलेलं होतं. ठरल्यानंतर जे दिसलं ते सगळं त्या ठरवण्यात बसवलं गेलं. बसलं नाही ते विसरलं गेलं. वाफ बंद करायची परवानगी नाकारणं हेही त्यातलंच.

बाहेर पडताना व्हिटकॉम्बनं तिला गाठलं. तो चांगलाच खचलेला दिसत होता.

"तुम्हाला सांगू का, मिसेस कोवाच, मला त्या माणसाबद्दल आतून कुठंतरी शंका होतीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. व्हर्नानं हातमोजे चढवले आणि त्याला नमस्कार करून गाडीत बसली.

मारितला परत बोलावणं आलं. तिनं नाही म्हटलं. दुसऱ्यांदा आलं, तेव्हाही नाही. मग एका दुपारी ती कार्लीनकडे गेली. गेल्यावर काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. कार्लीननंच तिला स्वयंपाकघरात बसवलं.

"तू गेली नाहीस तर त्या पोरांना कोण सांगणार, कधी उतरायचं नि कधी नाही?"

"मीच वेसला सांगितलं होतं गं, उतर म्हणून."

"माहीत आहे मला," कार्लीन म्हणाली. "म्हणूनच तू जा. तू परत तसं सांगणार नाहीस."

मार्चमध्ये मारित पूर्व आणि पश्चिम दोन्ही विभागांची प्रमुख म्हणून रुजू झाली. कंपनीनं जाहीर सत्कार ठेवला, ती गेली नाही. वाफ बंद करायची म्हटली की आता व्हिटकॉम्ब विचारायचासुद्धा नाही, लगेच हो म्हणायचा. बैठकीत ती बोलायला लागली की कुजबुज थांबायची. लोक माना डोलवायचे. पहिले काही दिवस तिला ते बरं वाटलं. का नाही वाटणार!

एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्या दिवशीचं काम ठरवायला सगळे जमले होते. टेबलावर नळांचा मोठा नकाशा पसरला होता. जुन्या टपाल कचेरीपाशी माणसं उतरायची होती. त्याआधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते मारितनं बोट ठेवून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. व्हिटकॉम्ब "उत्तम" म्हणाला. विषय पुढं सरकला. कोणीतरी नव्या गाड्यांचं काढलं.

मारितचं लक्ष गाड्यांकडे नव्हतं. तिनं परत नकाशाकडे पाहिलं. बोट ठेवलं होतं तो व्हॉल्व्ह शेजारच्या रस्त्यावरचा होता. तो बंद करून टपाल कचेरीपाशी माणूस उतरला असता, तर तो भरल्या नळाशेजारी उतरला असता.

"थांबा," ती म्हणाली. "मी चुकीचा व्हॉल्व्ह सांगितला."

"असं होय? बरं, मग बरोबर कुठला तेवढं सांग," व्हिटकॉम्ब समजुतीनं म्हणाला.

"ते नंतर. आधी हे सांगा, कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

लिऑन देजार्लेनं दाढी खाजवली. त्याची नजर नकाशावरच्या चुकीच्या जागेवरच होती. ती आत्ता नव्हे, आधीपासूनच तिथं होती.

"लिऑन?"

"मला जरा वाटलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

लिऑन ओशाळला. "तू म्हणालीस ना. तू म्हणालीस म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं."

मारितनं खुर्ची मागं सारली आणि उठून उभी राहिली. तिनं नकाशाचं तोंड आपल्याकडून फिरवून त्यांच्याकडे केलं.

"आता मी गप्प बसते," ती म्हणाली. "कुठला व्हॉल्व्ह, ते तुम्ही सांगायचं. एकेकानं. आणि दुसऱ्यानं त्याला विचारायचं, कशावरून?"

मग लिऑन वाकला आणि त्यानं नकाशावर बोट ठेवलं.

"कशावरून?" व्हिटकॉम्बनं विचारलं.